मोठ्यानं दिलेलं उत्तर

सोनिया सांगलीहून आटपाडीकडच्या एका वाडीत सर्वेक्षणाला आली होती. घरात बाईचं किती चालतं, हा विषय. तोंडी विचारलं की बायका नवऱ्याकडे बघून उत्तर देतात, म्हणून यंदा टॅबवर व्हिडिओ होता. गोष्ट मध्येच थांबायची, पुढे काय व्हावं ते बाईनं चित्रावर बोट ठेवून सांगायचं आणि व्हिडिओ तसाच पुढे सरकायचा. बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून कानाला हेडफोन.

हरणाबाई पन्नाशीच्या. मेंढरं कमी करून डाळिंब लावलेलं घर. नवरा दादासो फौजेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. "काका, हे खासगी असतं," म्हणत सोनियानं त्यांना बाहेर कट्ट्यावर बसवलं.

व्हिडिओतल्या बाईला स्कूटी शिकायची होती, पण नवऱ्याला विचारायचा धीर होईना. चित्र थांबलं. बोट ठेवायचं सोडून हरणाबाई तिच्याशी बोलायलाच लागल्या, आणि कान झाकलेले असल्यानं आवाज चांगलाच चढला.

"आगं, इचार की बाई! मला बी लय वाटतंय शिकावं. बाजाराला जायचं म्हंजे ह्यांची वाट बघत बसायचं. पन सांगनार कोन? हसतील!"

हळू बोला म्हणून सोनिया हातवारे करत राहिली. कट्ट्यावर शेजारचे नानासो खो-खो हसले. "दादा, ऐकलंस का रं?"

सोनियानं हेडफोन काढला तेव्हा दादासो दारात उभे होते. हरणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"फौजेत किती पोरांना ट्रक शिकवला मी," दादासो म्हणाले. "मला कवा बोलली न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?"

दादासोंनी खुंटीवरची आपल्या स्कूटीची चावी घेतली. "चल माळावर."

"आवं, आत्ता?"

"मग कवा?"

सोनियानं ऑफिसला फोन लावला. "विश्वजित सर, ही मुलाखत रद्द करा. सगळ्या वाडीनं ऐकली." पलीकडून आधी हसूच ऐकू आलं.

उरलेल्या घरांसाठी सोनिया पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. फाट्यावर एसटीतून उतरली, तर समोर हरणाबाई स्कूटीवर. डोक्याला हेल्मेट, पदर कमरेला घट्ट खोचलेला.

"बस मागं, पोरी."

"काका कुठायत?"

"घरी. च्या टाकायला सांगून आलीया."