अर्ध्यावरचा कातळ

दीप्तीताईंच्या सदर भागातल्या घरी क्षमा नवऱ्यासोबत गेली तीच भांडायच्या तयारीने. गिधवा पहाडाचा कार्यक्रम पुन्हा ठरत होता, म्हणजे मागच्या फाल्गुनातली ती गोष्टही पुन्हा निघणार हे तिला ठाऊक होतं.

मागच्या वर्षी तिचा नवरा आल्हाद, त्याची मोठी बहीण दीप्ती आणि दीप्तीचा नवरा अनुपम असे तिघं बरगी धरणामागच्या त्या पहाडावर गेले होते. वाट अशी नव्हतीच. कोरड्या नाल्यातल्या दगडांवरून हातपाय टेकत सरळ वर जायचं. आल्हाद अर्ध्यावरच्या एका कातळावर बसला तो बसलाच, वर गेला नाही. क्षमा तेव्हा माहेरी अमरावतीला होती. ती परत येईपर्यंत त्या गोष्टीचा विनोद झाला होता. बारसं असो की दिवाळी, चार माणसं जमली की अनुपम सुरू व्हायचा. "हमारे साले साहब पहाड़ चढ़ने गए, आणि चपला राखायला बसले." लोक हसायचे. आल्हादही हसायचा, आणि क्षमाला तेच जास्त लागायचं.

आज अनुपमने टेबलावर फोन ठेवून नकाशा मोठा केला. "अंधारातच निघू. गाडी खालच्या गावात लावू, नाल्यातून सरळ वर. जेवण वरती." मग आल्हादकडे न बघता म्हणाला, "तू या वेळी गाडीजवळच थांब. तुलाही आराम, आम्हालाही."

"हे खाली थांबणार नाहीत," क्षमा म्हणाली. "आणि मी पण येऊन राहिली."

"भाभी, मग दोघांना सांभाळत बसू का मी?"

"मागच्या वेळी काय सांभाळलं ते तरी कळू द्या."

अनुपमने ओठ आवळले. वातावरण निवळावं म्हणून दीप्तीताई मध्ये पडल्या. "अच्छा, ते सोडा. या वेळी ज्याने त्याने आपापलं पाणी घ्या बरं. मागच्या वेळी आल्हादची बाटली वर गेली आणि..."

त्या थांबल्या, पण उशीर झाला होता.

"कोणी नेली वर?" क्षमाने विचारलं.

"मी नेली," अनुपम म्हणाला. "हा बसलाच होता सावलीत. चढायचं आम्हाला होतं. थोड़ी देर की तो बात थी."

"सावली नव्हती तिथे," आल्हाद म्हणाला. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "ताई, तू सांग. होती का?"

दीप्तीताई पदराच्या काठाशी चाळा करत राहिल्या.

क्षमाला तेव्हा अमरावतीला आलेला आल्हादचा फोन आठवला. बाहेरचं काही खाल्लं, ताप आहे, उलट्या होतात, असं त्याने सांगितलं होतं. तिने त्याला लिंबूपाणी घ्यायला सांगून पुन्हा आईशी गप्पा सुरू केल्या होत्या.

"उन्हात, पाण्याशिवाय बसवलं यांना," ती म्हणाली. "आणि वर्षभर हसून राहिले तुम्ही."

"डर गया था वो. मी धरून बसवलं होतं का?"

"क्षमा, तू घरात फूट पाडून राहिली," दीप्तीताई म्हणाल्या.

"बाटली मी नव्हती नेली, ताई." ती उठली. "चला. गाडी आपली आहे. या लोकांनी दुसरी बघावी."

गाडीत ती बोलतच राहिली. अनुपमबद्दल, दीप्तीताईंबद्दल, त्या घराच्या गुर्मीबद्दल. आल्हादने छावणीच्या रस्त्यावर एका झाडाखाली गाडी उभी केली.

"तू काहून काढलं ते सगळं?"

"मी काहून काढलं? तू मला सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू आज केलं तेच तेव्हा केलं असतं." त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. "भीती वाटली होती मला, ते खोटं नाही. पण या वर्षी मला जायचं होतं. त्याच नाल्यातून, जीजाजींच्या डोळ्यांदेखत. रोज सकाळी मदन महालच्या टेकडीवरच्या दगडांवर चढून राहिलो मी. तुला वाटते फिरायला जातो. आता तू कार्यक्रमच मोडला."

"त्या माणसासोबत जायचंय तुला?"

"त्यांच्यासोबतच."

"मग जा," ती म्हणाली. "मला त्यात धरू नको."

दुसऱ्या दिवशी आल्हादला गॅलरीत फोनवर बोलताना तिने ऐकलं. "रविवारी निघू, जीजाजी. गाडी माझी. पाणी ज्याचं त्याचं. नाल्यात मी पुढे असेन." पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. "नाही, माफी नको," आल्हाद म्हणाला. "तुम्ही मागणार पण नाही."

रविवारी पहाटे तो निघाला तेव्हा क्षमा जागी होती, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दिवसभर तिने कपाटं उपसली. दुपारी दीप्तीताईंचा फोन आला. गुडघ्याचं निमित्त करून त्या गेल्या नव्हत्या.

"काही कळलं का गं? दोघांचेही फोन लागून नाही राहिले."

"नाही."

"माझ्यावर राग धर, पण..."

क्षमाने फोन ठेवून दिला. नंतर मात्र तिचं कपाटात लक्ष लागेना. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी आल्हाद आला. तळहात सोलवटलेले, पँट गुडघ्यावर फाटलेली. तो हात धुऊन खाली फरशीवरच बसला आणि आपणहून सांगू लागला.

"कातळाजवळ पाय थांबले माझे. जीजाजी खालून म्हणाले, बैठ जा, बैठ जा, आदत है तेरी. मी हसेन असं वाटलं त्यांना. मी हसलो नाही. बराच वेळ तसाच उभा होतो, दगडाला धरून. मग चढलो."

"आणि वर?" विचारायचं नव्हतं तरी तिने विचारलं.

"वर फार वारा. पाणीच पाणी दिसते, नजर जाईल तिथपर्यंत. बुडालेल्या टेकड्यांचे माथे मधूनमधून वर आलेले."

"आणि ते?"

"ते पण आले. एका टोकाला ते, एका टोकाला मी. येताना गाडीत पण शब्द नाही. सदरला उतरले, दार आपटलं नि गेले."

"आता बोलणार आहे त्यांच्याशी?"

"नाही."

"ताईंशी?"

त्याने तळहात उलटसुलट करून पाहिले. "फोन आला तर उचलीन."

"दुपारी आला होता. मी ठेवून दिला."

ती वाट पाहत राहिली, पण तो चिडला नाही. "करेल उद्या," एवढंच म्हणाला, आणि भिंतीला डोकं टेकून त्याने डोळे मिटले. क्षमा त्याच्या पायांसाठी पाणी गरम करायला आत गेली.