हर्मिनाचं काळं जिरेनियम

एटेल्काच्या दारातली कण्हेर एकेचाळीस वर्षांची होती. लाकडी पिंपात वाढलेली, वळचणीला टेकलेली. जुलैत अशी गुलाबी फुलायची की डॅन्यूबवर मासे धरायला निघालेली माणसंही सायकल थांबवून बघत. लग्नाच्या वर्षी नवऱ्यानं, अंब्रुशनं, तिची बोटभर काडी दक्षिणेतून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. अंब्रुश गेला, कण्हेर राहिली.

पण कण्हेरीला तिथला हिवाळा सोसत नाही, आणि एटेल्काच्या तळघरात नदीचं पाणी गुडघाभर. म्हणून दर ऑक्टोबरात ते पिंप हातगाडीवरून समोरच्या हर्मिनाकडे जायचं. हर्मिनाचं घर चढावर, तळघर कोरडं. तिथेच तिची एकतीस जिरेनियमं हिवाळा काढायची. काळपट लाल, दुहेरी पाकळीची, मखमलीसारखी. गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. हर्मिनानं काडी कधी कुणाला दिली नाही. छाटलेल्या फांद्यासुद्धा ती चुलीत घालायची.

त्या वर्षी ग्रामपंचायतीनं सुंदर अंगणाची पाटी पहिल्यांदाच एटेल्काच्या फाटकावर ठोकली. आधीची अकरा वर्षं ती हर्मिनाकडे होती.

"घे बाई, तुझंही नशीब उघडलं एकदाचं," हर्मिना हसून म्हणाली.

मार्चमध्ये एटेल्का कण्हेर आणायला गेली, तर खोड काळं पडलेलं. साल नखानं निघत होती.

"अगं, काय सांगू! जानेवारीत मांजरानं खिडकी ढकलली असणार. चार दिवस मला पत्ताच नाही."

"आणि तुझी जिरेनियमं?"

"ती नेमकी त्याच आठवड्यात मी वर कोठीत नेली होती. देवाचीच कृपा म्हणायची."

खिडकीला आतून लोखंडी कडी होती. एटेल्कानं कडीकडे पाहिलं, मग हर्मिनाकडे, आणि पिंप गाडीवर चढवून घरी आली. बुंध्यातून फूट येईल म्हणून जूनपर्यंत पाणी घातलं. आली नाही. कुऱ्हाडीनं खोड तोडताना ती रडली नाही. दात आवळून घाव घालत राहिली.

नोव्हेंबरात हर्मिना पायरीवरून घसरली आणि खुबा मोडून बसली. शहरातली मुलगी, इल्दिको, तिला न्यायला आली आणि जाताना तळघराची किल्ली घेऊन एटेल्काच्या दारात उभी राहिली.

"एटेल्का मावशी, आई म्हणते, झाडं जगवावीत तर तुम्हीच."

"तुझी आई म्हणते असं?"

"हो ना. नाही म्हणू नका."

"नाही कशाला म्हणू गं?" एटेल्कानं हात पुढे केला.

जानेवारीत पारा उणे चौदावर गेला. एका दुपारी एटेल्का त्या तळघरात उतरली आणि तिनं खिडकीची कडी काढली. गार वारा आत घुसला, कडेच्या कुंडीतली पानं थरथरली. ती बघत उभी राहिली. झाडं मेली तर काय होईल? हर्मिना रडेल. गल्लीतल्या बाया तिच्याकडे केक घेऊन जातील. बिचारी म्हणतील.

बिचारी! एटेल्कानं खिडकी धाडकन लावली आणि फटींमध्ये चिंध्या कोंबल्या.

फेब्रुवारीत तिनं छाटणी केली. रीतसर, कुठल्याही जाणत्या हातानं केली असती तशी. फांद्या मात्र चुलीत गेल्या नाहीत. एप्रन भरभरून त्या घरी आल्या, वाळूमिश्रित मातीत, आंबट सायीच्या रिकाम्या डब्यांत रुजल्या. खिडक्या भरल्या, मग टेबल भरलं, मग पलंगाची खिडकीलगतची, अंब्रुशची बाजूही. एकशे बारा काड्यांपैकी सत्त्याण्णव जगल्या.

मे महिन्यात तिनं घरोघर डबे पोचवले.

"हर्मिनाकडचं?" बाया डोळे विस्फारून विचारत.

"तिच्याकडचंच. लावा, आणि काड्या पुढेही वाटा."

जूनच्या अखेरीस हर्मिना काठी टेकत गाडीतून उतरली. पाद्रीबाबांच्या खिडकीत काळं जिरेनियम. पोस्टात काळं जिरेनियम. बसथांब्यावर, खाटकाच्या दुकानात, ज्या घराशी तिचं वीस वर्षं भांडण होतं तिथे तर ओळीनं सहा.

"चोर! चोरटी!" ती रस्त्यातच ओरडली.

"तुझ्या कुंड्या मोज," एटेल्का फाटकातून म्हणाली. "एकतीसच्या एकतीस आहेत. मी फक्त केर उचलला."

हर्मिनाचा आवाज खाली आला. "हे त्या कण्हेरीसाठी केलंस ना?"

"छे गं. ती तर मांजरानं मारली."

गल्लीतल्या पाच-सहा जणी ऐकत होत्या. त्यांतली एक फिस्सकन हसली, आणि त्या क्षणी हर्मिनाला कळून चुकलं की सगळ्यांना सगळं माहीत आहे.

ऑक्टोबरात तिनं आपली झाडं आत नेलीच नाहीत. पहिल्या कडाक्यात एकतीसही कुंड्या ओट्यावर काळ्याठिक्कर पडल्या. एटेल्का पडदा सारून बराच वेळ बघत होती. आता आपल्याला वाईट वाटेल, असं तिला वाटलं होतं. कॉफी संपेपर्यंत तिनं वाट पाहिली. वाटलं नाही. मग ती उठली आणि तिनं आत आणलेल्या स्वतःच्या जिरेनियमच्या कुंड्या पुसायला घेतल्या.