गंगाकाठ चषकावर जागा उरली नाही

मी गंगाकाठ चषक बोलतोय. मला दोन हात आहेत, पण ते लोकांनी मला उचलावं म्हणून आहेत, लिहिण्यासाठी नाहीत. म्हणून हे सगळं हेमंत लिहून घेतोय. तो नववीनंतर शाळेत गेला नाही. ऱ्हस्वदीर्घ कुठे चुकलं असेल, शब्द फारच साधे वाटले, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझा जन्म बजबजचा. कोलकात्याच्या खाली, गंगेच्या काठी, ज्यूट गिरण्यांचं हे गाव. पन्नास वर्षांपूर्वी तिथल्या कामगारांनी ठरवलं, की काठाकाठानं जेवढे फुटबॉल संघ आहेत त्यांनी दर हिवाळ्यात एकमेकांशी खेळायचं. ठरलं खरं, पण जिंकणाऱ्याला द्यायचं काय? तेव्हा वस्तीतल्या बायकांनी घरातली चांदी काढून दिली. एकीनं पैंजण दिले, एकीनं बाळाच्या उष्टावणाचा चमचा. एका म्हाताऱ्यानं तर हुक्क्याची चांदीची नळी दिली आणि त्या दिवसापासून हुक्का सोडला. त्या सगळ्यांचा मिळून मी झालो. उंची अडीच वीत, तोंड रुंद, पोट खोल.

पहिल्या वर्षी बजबजच जिंकलं. "कप यांनीच केला, यांनीच घेतला!" म्हणून बाकीच्या गावांनी वर्षभर चिडवलं.

त्याच दिवशी आमची एक रीत पडली. माझं पोट रसगुल्ल्यांनी भरलं होतं, सगळे माझ्याभोवती नाचत होते, आणि हरलेल्या संघाचा गोलकीपर खांबाला टेकून एकटा रडत होता. बजबजच्या कॅप्टननं मला उचललं, त्याच्यापाशी नेलं आणि पहिला रसगुल्ला त्याच्या तोंडात घातला. तेव्हापासून पहिला रसगुल्ला हरलेल्या गोलकीपरचा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडायची कुणाची हिंमत नाही.

सगळ्यांत जास्त वेळा तो खाल्लाय सियालदह बाजार संघानं. हे कोलकात्यातल्या सियालदह स्टेशनाजवळच्या घाऊक बाजारातले हमाल आणि भाजीवाले; काठावरच्या संघांत पुढे शहरातलेही संघ आले होते. सहा वेळा अंतिम सामन्यात आले, सहाही वेळा हरले. त्यांतल्या शेवटच्या चार वेळा गोलात ऋषभ होता. बाजारात त्याला लोक विचारायचे, "काय रे ऋषभदा, रसगुल्ल्यासाठी हरतोस का?" तो हसायचा. पण रसगुल्ला तोंडात घेताना त्याचे डोळे मी जवळून पाहिलेत.

जिंकलेल्या संघाकडे मी वर्षभर राहतो. कपाटं पाहिली, क्लब पाहिले, एकदा तर नागपूरही पाहिलं. त्या वर्षी कोलकात्यातल्या सॉल्ट लेकचा संघ जिंकला होता. कॅप्टन बँकेतले मराठी साहेब. सामना झाला आणि आठवड्यात त्यांची बदली झाली. बाईंनी घाईत भांडी बांधली, त्यांत मीही बांधला गेलो, पोटात हरभऱ्याची डाळ घेऊन. नागपूरला खोका उघडल्यावर बाई ओरडल्या, "अहो, हे काय! आपण अख्ख्या स्पर्धेला घेऊन आलोय!" साहेब पुढच्याच गाडीनं मला परत पोचवायला निघाले. डाळ तशीच होती.

तर असे दिवस मजेत चालले होते. प्रत्येक जिंकलेल्या संघाचं नाव माझ्या अंगावर कोरलं जायचं. होता होता अंग भरलं. काठापासून पायापर्यंत नावंच नावं. खाली लाकडी बैठक जोडून पाहिली, तर एका पावसाळ्यात ती फुगली आणि तिच्यावरच्या पट्ट्या गळून पडल्या. शेवटी कमिटीनं ठरवलं, हा वितळवायचा आणि याच चांदीत आणखी चांदी घालून मोठा कप करायचा. जुनी नावं वहीत आहेतच.

सेक्रेटरी अरुणबाबू मला पिशवीतून सियालदहजवळच्या सोनारगल्लीत घेऊन आले. तिथे श्यामरावांचं गलाईचं दुकान. गलाई म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करण्याचं काम. सांगलीकडची ही माणसं या कामासाठी देशभर गेलीत. हेमंत श्यामरावांचा भाचा. सात वर्षं भट्टीपाशी बसतोय, पण गिऱ्हाइकाशी सात वाक्यं बोलला नसेल.

"हेमंता, मूस चढव," श्यामराव म्हणाले. अरुणबाबू स्टुलावर चहा घेत बसले. भट्टी पेटली. मला कळलं, माझं आयुष्य आता ते वितळवायचं भांडं तापेपर्यंतच उरलंय.

हेमंतनं मला धुतलं आणि कसोटीच्या दगडावर घासलं. हाताचा कस वेगळा, पोटाचा वेगळा, पायाचा वेगळा.

"मामा, ही एका घरची चांदी नाही."

"मग? भट्टीत गेली की एकच होते. आपण कशाला बसलोय इथे?"

हेमंतनं कात्री माझ्या उजव्या हाताला लावली. थोडी दाबली. मग थांबला आणि माझ्यावरची नावं वाचायला लागला. आधी मनात, मग मोठ्यानं. तिसऱ्या नावाला अरुणबाबूंनी चहा खाली ठेवला. "त्या सामन्यात चेंडू गंगेत गेला होता. गोलकीपर पोहून घेऊन आला!" पुढच्या नावाला म्हणाले, "आणि हे! हे अनवाणी जिंकले होते."

"हेमंता, वाचतोस काय? तो काय पेपर आहे?" श्यामराव करवादले.

हेमंतची मान खालीच होती. "मामा, आपल्याकडे वस्तू आली की तिचं नाव जातं, वजन राहतं. याचं नको जायला." आणि मग अरुणबाबूंकडे न बघता म्हणाला, "दादा, आत जागा आहे. आत एकही नाव नाही."

अरुणबाबूंनी माझ्यात डोकावून पाहिलं. "रविवारी बजबजला या. कमिटीला सांगा."

हेमंतचा चेहरा उतरला. "मी? मामा येतील ना."

"मी भट्टीचा माणूस," श्यामराव म्हणाले. "बोललास तू, निस्तर तू."

रविवारी सियालदहहून बजबज लोकलमध्ये मी हेमंतच्या मांडीवर होतो, मामीच्या टॉवेलात गुंडाळलेला. तो वाटभर बंगालीत वाक्यं पाठ करत होता. कमिटीसमोर उभा राहिल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही, म्हणून आत नावं कोरायची गोष्ट अरुणबाबूंनीच मांडली.

एक म्हातारे गृहस्थ मुरमुरे खात म्हणाले, "आत कोरलं तर नाव रसगुल्ल्यांखाली जाणार. वाचायचं कसं?"

"संपवून," हेमंत म्हणाला.

अख्खी कमिटी हसली. म्हाताऱ्याला तर ठसका लागला.

"पण आत हात कुणाचा जाणार? आमचा कोरणारा नाही म्हणतो."

हेमंतनं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. "माझा जातो."

अरुणबाबूंनी निकाल दिला, "या वर्षीचं नाव तू कोर. नीट आलं तर हाच चषक. बिघडलं तर भट्टी."

पुढचे दोन महिने हेमंतनं वाकडी कोरणी करून घेतली आणि मामीच्या पातेल्यांच्या आत सराव केला. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात, पण मामीच्या भांड्यांत फुटबॉलचे संघ उतरले. "माझा कुकरसुद्धा जिंकला का रे?" त्या विचारायच्या.

जानेवारीत अंतिम सामना झाला. बजबज आणि, पुन्हा एकदा, सियालदह बाजार. बरोबरी. पेनल्टी. बजबजचा शेवटचा फटका ऋषभनं छातीवर घेतला. सियालदहचे हमाल एकमेकांच्या पाठीवर असे चढले, की ओझं कोण आणि हमाल कोण ते कळेना.

मला सियालदहच्या कॅप्टननं उचललं, पण ऋषभनं त्याच्याकडून मागून घेतलं. तो बजबजच्या गोलकीपरपाशी गेला. पोरगं तोंड उघडेना.

"घे रे," ऋषभ म्हणाला. "पहिल्यांदा कडूच लागतो. मला चौथ्यांदा जरा गोड लागला."

पोरगं रडता रडता हसलं. तोंड उघडलं.

तुम्ही कधी हिवाळ्यात कोलकात्यात असलात, तर एक रविवार बजबजला या. कोणत्याही बाजूनं ओरडा. मला हात लावायला परवानगी लागत नाही, फक्त रसगुल्ला आपल्या पाळीनं घ्या. आणि घरात कुणाचं नाव असलेली जुनी वस्तू असेल, तर मोडीत काढण्याआधी ती एकदा आतूनही बघा.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हेमंतनं मला गरम पाण्यानं धुतलं, खिडकीपाशी ठेवलं आणि वाकडी कोरणी घेतली. दारात अरुणबाबू आणि ऋषभ उभे होते. श्यामरावांनी भट्टी पेटवली नव्हती. काठाजवळची जागा सोपी होती, पण हेमंतनं ती सोडली. अगदी तळाशी, जिथे हात जेमतेम पोचतो, तिथून त्यानं 'सियालदह बाजार संघ' कोरायला सुरुवात केली. वरची सोपी जागा त्यानं पुढच्यांसाठी ठेवली.