डोळे तिकडे, हात इकडे

बिट्टीने बदामाची राणी उलटली आणि तिची नजर सरळ खिडकीकडच्या कोपऱ्यातल्या पत्त्यावर गेली. तिथे तिची जोडी, चौकटची राणी, होती. आत्ताच तिच्या धाकट्या भावाने, टिल्लूने, ती उलटून परत पालथी घातली होती. सगळ्यांनी पाहिली होती. बिट्टीचे डोळे क्षणभर तिथे टेकले. मग हात निघाला आणि भलतीकडेच गेला. किलवरची सत्ती.

"अरेरे! चुकलंच की!" बिट्टीने कपाळावर हात मारून घेतला.

"चला, बाबांची पाळी!" बाबांनी बाह्या सरसावल्या, दोन्ही राण्या उचलून मांडीखाली सारल्या. "याला म्हणतात स्मरणशक्ती. शिका जरा."

"शिकतेय ना बाबा," बिट्टी म्हणाली.

समोर बसलेल्या तिच्या आईच्या डोक्यात तिडीक गेली. चूक झाली म्हणून नव्हे. ती चूक तिच्या ओळखीची होती. अगदी तस्साच कपाळावरचा हात, तस्संच "अरेरे". बारा वर्षं ती स्वतः या घरात याच पद्धतीने हरत आली होती.

मुलांची सुट्टी होती. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, सुट्टीच्या दिवशी टीव्ही बंद ठेवा, आईबाबांबरोबर घरातच खेळा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगा. त्यासाठी आईने साहेबांच्या हातापाया पडून रजा काढली होती. वीज कंपनीच्या कचेरीत ती तक्रारखिडकीवर बसायची. काचेपलीकडून दिवसभर लोक तिच्यावर ओरडायचे, जणू त्यांच्या घरातली वीज तीच पदराआड लपवून बसली होती. ती म्हणायची, "तुमचं म्हणणं समजलं, थोडं थांबा." तोंडात साखर ठेवून घरी यायची आणि घरी आल्यावर नवऱ्याला जिंकू द्यायची.

कारण नवऱ्याला हरणं सोसत नसे. तो हात उगारत नसे, आवाजही चढवत नसे. तसं असतं तर निदान भांडता आलं असतं. तो फक्त गप्प व्हायचा. खोलीत जायचा, दार लोटून घ्यायचा. मग दोन दिवस घरभर सगळ्यांनी चवड्यांवर चालायचं, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्याच्याशी पत्ते खेळली आणि हौसेने जिंकली, तेव्हा सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन समजावलं होतं, "तो दिवसभर चपलांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसतो गं. घरी तरी जिंकू दे की त्याला."

तिला तेव्हा ते पटलं होतं. हाच तर खरा राग होता, की पटलं होतं.

सकाळपासून हेच चाललं होतं. डोळ्यांवर रुमाल बांधून माणूस ओळखायच्या खेळात बिट्टीने बाबांच्या हाताला स्वतःहून कोपर लावलं. न बोलता हावभावांनी सांगायच्या खेळात त्यांनी केलेला हत्ती म्हणजे नळ दुरुस्त करणारा माणूस वाटत होता, तरी सगळे "हत्ती! हत्ती!" म्हणून नाचले. टिल्लू तेवढा "हा कसला हत्ती?" म्हणाला, तर बिट्टीने त्याला चिमटा काढला.

तो चिमटाही आईने पाहिला होता.

"बिट्टे, जरा आत ये. सरबत करायचंय," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात तिने लिंबू हातात घेतलं, पण कापलं नाही. "चौकटची राणी कुठे आहे ते तुला माहीत होतं."

"हो. मग?"

"मग उचलली का नाहीस?"

बिट्टीने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू आईचंच डोकं फिरलंय. "अगं, बाबा रुसतील ना. तू पण तर तेच करतेस. पण तू पहिल्यापासूनच हरतेस, ते कळून येतं. मी आधी दोन-तीन जोड्या घेते. मग सोडते. म्हणजे खरं वाटतं."

शिष्याने गुरूच्या पुढे जाणं म्हणतात ते हेच. आईला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"अजून कुठे करतेस हे?"

"कुठे नाही." लेक साखरेच्या डब्याच्या झाकणाशी खेळत राहिली. मग म्हणाली, "ते गणिताच्या स्पर्धेचं. शेवटचं उदाहरण. मी पहिली आले असते तर माझ्या बाकावरची मुलगी माझ्याशी बोललीच नसती. म्हणून चुकवलं."

"आणि मी तुला महिनाभर तीच गणितं करायला बसवलं!"

"मला येत होती ती."

"मला म्हणाली का नाहीस?"

"तू दमून यायचीस. म्हटलं, करू या. तुला बरं वाटेल."

आईने लिंबू ठेवून दिलं. नवऱ्याचा राग आला, सासूचा आला, बाकावरच्या त्या न पाहिलेल्या कार्टीचा आला. आणि मग सगळे राग फिरून तिच्यापाशीच आले. मुलीला आपण काय शिकवलं? पोळ्या लाटायला नाही, सायकल चालवायला नाही. हे शिकवलं. तेही न शिकवता.

सरबत न करताच ती बाहेर आली आणि पत्ते पिसायला घेतले.

"सरबत कुठाय?" नवरा म्हणाला.

"नंतर. नवा डाव. यात मी पण खेळणार आहे."

"आत्तापर्यंत काय करत होतीस?"

"आत्तापर्यंत हरत होते," ती म्हणाली.

नवरा मोठ्याने हसला. खुर्चीत बसून खेळ बघणाऱ्या सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

पत्ते पालथे मांडले गेले. तिने पहिली जोडी घेतली, मग दुसरी. दिवसभर ओरडणाऱ्या माणसांचे चेहरे लक्षात ठेवणाऱ्या बाईला पत्ते लक्षात ठेवणं जड नव्हतं. तिसऱ्या जोडीला नवरा म्हणाला, "आज भलतीच गाडी सुटलीये." पाचव्या जोडीला त्याचा खालचा ओठ आत गेला.

"अगं, पुरे आता," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पोरांचा खेळ आहे."

"म्हणूनच खेळतेय, आई."

बिट्टीची पाळी आली. तिने चौकटचा गुलाम उलटला. तिचे डोळे बाबांच्या गुडघ्यापाशी असलेल्या एका पत्त्यावर गेले. हात टिल्लूच्या दिशेने निघाला.

"बिट्टी!" आईचा आवाज असा फुटला की टिल्लू दचकला. "डोळे गेले तिथेच हात गेला पाहिजे. या घरात आजपासून मुद्दाम कोणी चुकणार नाही."

"मुद्दाम म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

तो एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. बायको, मुलगी, खुर्चीतली आई. त्याच्या आईने नजर खाली घातली, तेव्हा त्याला कळलं.

"म्हणजे मघाचा डाव..." तो म्हणाला. "आणि सकाळचा हत्ती?"

"हत्ती नव्हताच तो," टिल्लू म्हणाला.

बिट्टीचा हात अजून हवेत होता. तिने बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मग रडवेल्या तोंडाने बाबांच्या गुडघ्यापाशी हात घालून पत्ता उलटला. इस्पिकचा गुलाम.

नवरा उठला. पाय आपटले नाहीत. खोलीत गेला आणि दार हलकेच लोटून घेतलं.

"मी परत हरू का?" बिट्टीने कुजबुजत विचारलं. "ते येतील."

"नाही," आई म्हणाली. "भूक लागली की येतील. माणूस आहेत."

उठून दाराशी जायची सवय पायांत होती. तिने मांडी घट्ट घालून घेतली.

"एक गडी कमी झाला," टिल्लू म्हणाला. "आता कोण?"

खुर्ची करकरली. सासूबाई गुडघ्यांवर हात दाबत, कण्हत खाली उतरल्या आणि लेकाच्या रिकाम्या जागेवर बसल्या. आता त्या बंद दाराबद्दल बोलतील म्हणून सून दात आवळून थांबली. सासूबाईंनी चष्मा सारखा केला, एक पत्ता उलटला. बदामाची नव्वी. बराच वेळ पत्त्यांवरून नजर फिरवली. मग वाकून थेट दुसऱ्या टोकाची नव्वी उचलली.

"आजी, जोडी!" टिल्लू ओरडला.

सासूबाई ते दोन पत्ते तळहातावर घेऊन बसून राहिल्या. एकदा दाराकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"जिंकलेले कुठे ठेवतात गं हे?" त्यांनी विचारलं.