पुढची भिंत

पिशवीत दोन साड्या होत्या, एक गाऊन, एक टॉवेल, फणी, सोललेले दोन नारळ आणि पित्ताच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. राजश्रीला महिनाभर माहेरी राहता येईल अशी तयारी सासूने सकाळीच करून ठेवली होती. डॉक्टरकडे मात्र तिला कोणी नेलं नव्हतं.

अनिल संगमेश्वराहून ओळखीच्याची गाडी घेऊन पावसला पोचला तेव्हा त्याची बहीण पडवीत खांबाला टेकून बसली होती. कपाळावर घाम, ओठ पांढरे. काल संध्याकाळपासून तिच्या छातीत दुखत होतं, डावा हात जड झाला होता. पित्त असेल, असं घरात ठरलं. रात्री कळ वाढली तेव्हा त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलेलंच ठरलं: सुनेचं दुखणं माहेरचं. भावाला फोन करायचा, तो येऊन घेऊन जाईल. आंब्याच्या पेट्या वाहणारी घरची गाडी अंगणात उभी होती. रत्नागिरी अर्ध्या तासावर.

"सकाळी येतो म्हणालास, म्हणून थांबलो," राजश्रीचा नवरा स्वरूप म्हणाला. जणू उशीर अनिलनेच केला होता.

रत्नागिरीत शिरताना राजश्रीला उलटी झाली. अनिलने गाडी सरळ हॉस्पिटलात घातली. हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी तिथे उघडली. पण हे काल रात्रीच व्हायला हवं होतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्यांनी अनिल आणि त्याची बायको वेदिका यांना इकोच्या पडद्यासमोर बसवलं. करड्या अंधारात एक पिशवी आवळत होती, सुटत होती. हा डावा कप्पा, त्या म्हणाल्या. रक्त ढकलताना चहूबाजूंच्या भिंती आत यायला हव्यात. मागची येतेय. पुढची बघा.

अनिल बघत राहिला. पुढची भिंत जागची हलत नव्हती.

कप्प्यात शंभर थेंब असले तर निदान पंचावन्न बाहेर पडायला हवेत. हिचे तीस पडतात. भिंतीचा काही भाग नुसता बधिर असेल, तर तो पुन्हा हलेल. मेलेला हलणार नाही. सहा आठवड्यांनी कळेल.

बाहेर व्हरांड्यात अनिलचा तोल सुटला. त्याने पावसच्या त्या घराला, भावोजींना, त्यांच्या आईला, सगळ्यांना शिव्या घातल्या. वेदिका ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "मला डेंगू झाला तेव्हा तुम्ही कोणाला फोन केलात, ओ?"

त्याने तिच्या भावाला केला होता. देवरुखहून त्याला यायला दुपार झाली होती. तोवर अनिल कामावरही जाऊन आला होता.

राजश्री माहेरी आली. दोन पायऱ्या चढली की तिला दम लागायचा. महिन्याने स्वरूप आला, चहा प्यायला, मेव्हण्याच्या तब्येतीवर विनोद केला आणि म्हणाला, आता बरी दिसतेय, आंबा उतरवायला आलाय, आईला एकटीला झेपत नाही.

अनिल काही बोलणार, तोच राजश्री म्हणाली, "गाडी अंगणात होती. मी रात्रभर खिडकीतनं तिच्याकडे बघत होते. तुम्ही झोपला होतात. मी येणार नाय."

"आमच्यात दुखणं माहेरीच काढतात. हे काय नवीन हाय काय?"

"मग माझं अजून संपलेलं नाय. चहा झाला असेल तर निघा."

स्वरूप कप तसाच ठेवून गेला.

शिमग्याच्या वर्गणीसाठी वाडी जमली तेव्हा अनिल उभा राहिला. बहिणीचं सांगण्याआधी त्याने वेदिकाच्या डेंगूचं सांगितलं. मागून कोणीतरी विचारलं, आता मेव्हण्याचा फोन लागत नाय काय रे? हसू पिकलं. ते थांबेपर्यंत अनिल उभाच राहिला. मग म्हणाला, "बाई ज्या घरात पडली, त्या घरानं तिला उचलायची. माझी चूक झाली. तुमच्यापैकी कोणाची झाली, ते तुमच्या बायकांना विचारा." कोणी मान हलवली, कोणी जमिनीकडे बघितलं. बायका दाराशी उभ्या होत्या. त्यांच्यातलं कोणीच हसलं नव्हतं.

सहा आठवडे झाल्यावर राजश्रीचा इको पुन्हा काढला. डॉक्टरबाईंनी अहवाल वाचून दाखवला. मागची भिंत: हालचाल नेहमीसारखी. पुढची भिंत: हालचाल नाही. दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त: एकतीस टक्के.