खुणा पुसणारा

मी एक जुने एन्झाइम आहे, मित्रांनो. वाघोलीच्या मच्छिंद्ररावांच्या अन्ननलिकेतल्या एका पेशीत माझा जन्म झाला. पेशीत प्रथिने घडतात. त्यांचे काम संपले की मोडीत काढण्यासाठी त्यांच्यावर खूण होते. काही प्रथिनांवरची ती खूण मी पुसायचो, मग ती आणखी थोडी जगायची. आत जखम भरत असली की माझे फार कौतुक व्हायचे.

पुढे मच्छिंद्ररावांच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या, शेतीचे काम सुटले. त्यांच्या दिवसाला उरले काय, तर तंबाखू आणि उकळता चहा. सतत पोळणाऱ्या पेशी बिघडल्या. त्यांना 'वाढा' म्हणून सांगणाऱ्या प्रथिनावर खूण व्हायची, तीही मी पुसत गेलो. कर्करोगाची गाठ धरली.

एका दुपारी भाकरी घशाखाली अडली.

"काय झालं हो?" पत्नी इंदुबाईंनी विचारले.

"काय न्हाय. घास बसलाय."

इंदुबाईंनी मुलाला, पियुषला फोन लावून दिला. तो खराडीच्या आयटी कंपनीत होता.

"बाबा, क्लायंटच्या कॉलवर आहे. पाणी प्या, उतरेल."

घास उतरला. त्यानंतर कित्येक महिने कुणी डॉक्टरांकडे गेले नाही. मच्छिंद्रराव भाकरी सोडून पेजेवर आले, आणि मी आत खुणा पुसतच होतो.

शेवटी ऑपरेशन झाले. गाठीचा तुकडा संशोधनासाठी मागितला, तेव्हा मच्छिंद्रराव म्हणाले, "न्या की. कुणाच्या तरी कामी येऊ द्या." असा मी त्या पेशींबरोबर प्रयोगशाळेत आलो. वर्षभरात मच्छिंद्रराव गेले.

एकदा पियुष बाबांच्या त्या पेशी पाहायला तिथे आला. संशोधक तेजस्विनीताईंनी त्याला सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या.

"या अजून वाढतायत?"

"हो."

"आणि बाबा नाहीत." बराच वेळ तो डोळा बाजूला करेना. "मॅडम, मी तेव्हाच नेलं असतं तर?"

तेजस्विनीताई खोटे बोलल्या नाहीत. "कदाचित वाचले असते. खात्री नाही देता येत."

त्या 'कदाचित'चे ओझे तो एकटाच घेऊन गेला. त्यात माझाही वाटा होता, पण त्याला सांगणार कसे?

नंतर ताईंनी मला अडवणारे रसायन पेशींवर घातले. खुणा तशाच राहिल्या, 'वाढा' सांगणारे ते प्रथिन मोडले गेले, वाढ मंदावली. मला हायसे वाटले. पण हे काचेच्या बशीतले यश, माणसासाठी औषध अजून दूर आहे. म्हणून हात जोडतो, मित्रांनो, घरात कुणाला गिळताना त्रास होऊ लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवून आणा. मला स्वतःहून थांबता येत नाही.