मोजायचं राहिलेलं क्लोरीन

"मी पडून ऱ्हाते हितं. तू जा बाबा तुझ्या इमानात," केवळाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या.

लातूरच्या दवाखान्यात व्हरांड्यातही खाटा टाकल्या होत्या. भूकंपात औशाजवळचं त्यांचं दगडी घर बसलं. नवरा ग्यानोबा आणि लेक पुनम त्यात गेले. केवळाबाई वाचल्या, पण कमरेखालचं काहीच हलत नव्हतं.

मुलगा शिवशंकर पुण्यात संशोधन करत होता, म्हणून वाचला. त्या हिवाळ्यात तो उत्तर ध्रुवाकडं जाणार होता. विमानातल्या उपकरणात तिथली उंचावरची हवा ओढून घ्यायची आणि ओझोन खाणारं क्लोरीन तिच्यात किती आहे ते मोजायचं. हवा ओढणारी नळी त्यानंच खपून बनवली होती.

"तुला कुशीवर कोण वळवंल?"

"साखरा हाय की."

साखराबाई, त्याची मावशी, खाटेशेजारी बसली होती. तिची दोन्ही पोरं गेली होती. तिनं मान वर केली नाही.

शिवशंकरनं बूथवरून पुण्याला संशोधनातल्या सरांना फोन लावला. "दुसरं कोणीतरी पाठवा," एवढंच म्हणाला.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्या जागी गेलेल्या सोबत्याचा निरोप आला. उपकरण नीट चाललं होतं. ध्रुवावर सूर्य उगवला तसं क्लोरीन चढत गेलेलं स्पष्ट दिसलं. शिवशंकरनं ते आईला सांगितलं.

"चांगलं झालं की," म्हणून तिनं तोंडावर पदर ओढला.

तो लातुरातच राहिला. गल्लोगल्ली शिकवण्यांचे वर्ग निघाले आणि तो केमिस्ट्रीचा सर झाला. सकाळी आईचं अंग पुसायचं, मग वर्गावर जायचं. असं करता करता त्याचे केस पिकले. मग केवळाबाई गेल्या.

तेरावं उरकून तो वर्गावर आला, त्या दिवशी ओझोनचा धडा होता. नांदेडहून शिकायला आलेल्या अफसानानं हात वर केला.

"सर, इतक्या वरचं क्लोरीन मोजलं कुणी?"

तो सांगू लागला. विमान, बाहेरची थंडी, नळीतून वेगानं आत येणारी हवा. सांगताना त्याचा आवाज बदलला. मुलांनी पेनं खाली ठेवली.

वर्गाचे मालक साहेबराव दारात आले. "सर, ह्याच्यावर प्रश्न येत न्हाई. पुढं चला."

तो पुढं गेला.

तास सुटल्यावर अफसाना थांबली. "तुम्ही गेला होता का सर, त्या विमानात?"

"न्हाई."

"मग एवढं कसं ठाऊक?"

"ती नळी मी केलती," तो म्हणाला. लातुरात हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती आणखी काही ऐकायला उभी राहिली. तेवढ्यात पुढच्या तासाची मुलं ढकलाढकली करत आत शिरली. शिवशंकरनं फळा पुसला आणि सगळे बसेपर्यंत तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.